डिंग लिरेन काय कच्चा लिंबू होता?

१२ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ बहुतेकांना आठवत असेल. ज्यांना उंट तिरका जातो की घोडा हेही धड माहीत नाही असे लोकपण त्या दिवशी मोबाईलवर सिंगापूरचा बुद्धिबळाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा डाव लावून बसले होते. ५५ व्या चालीला तेव्हाचा चॅम्पियन, चीनच्या डिंग लिरेननं हत्ती उचलून एफ-२ वर ठेवला, गुकेशनं आधी नुसतं बघितलं, मग डोळे मोठे केले, मग पाणी प्यायला, आणि इकडे कॉमेंट्री करणारे किंचाळायला लागले. तीन चालींनंतर डिंगनं हात पुढे केला. साडेसात-साडेसहा. अठरा वर्षांचा पोरगा वर्ल्ड चॅम्पियन. मीपण उड्या मारल्या, खोटं कशाला बोलू.

पण त्याच रात्री जे सुरू झालं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. डिंग म्हणजे इतिहासातला सगळ्यात कमजोर चॅम्पियन, त्याला मुकुट लॉटरीत लागला होता, ही काय चॅम्पियनची चाल आहे का, आणि सगळ्यात घाणेरडं म्हणजे त्यानं डाव मुद्दाम सोडला. हे शेवटचं नुसतं चहाच्या टपरीवरचं बोलणं नव्हतं बरं का, रशियन बुद्धिबळ फेडरेशनच्या अध्यक्षांनी चक्क चौकशीची मागणी केली. आणि आपल्याकडचे लोक काय करत होते? अर्धे जण चौकशीवर चिडत होते आणि तेच लोक दुसऱ्या वाक्यात डिंगची टिंगल करत होते. लहानपणी खेळात एखाद्या बारक्याला आपण कच्चा लिंबू म्हणून घ्यायचो ना, तो आउट झाला तरी चालतं, त्याला मोजायचंच नाही, तसं एका वर्ल्ड चॅम्पियनचं करून टाकलं.

माझं म्हणणं असं की डिंगला कच्चा लिंबू ठरवणं हे तथ्य म्हणून चूक आहेच, पण त्यामागे एक वाईट खोड आहे, ती म्हणजे शरीर आजारी पडलं की आपल्याला कळवळा येतो आणि मन आजारी पडलं की संशय येतो.

आधी जरा मागे जाऊ, कारण ज्यांनी फक्त सिंगापूर बघितलं त्यांना हा माणूस कोण होता हेच माहीत नाही. वेंझोउचा पोरगा, जन्म १९९२ चा, २००९ मध्ये सोळाव्या वर्षी चीनचा चॅम्पियन, मग २०११ आणि २०१२ लाही. मध्ये पेकिंग युनिव्हर्सिटीतून कायद्याचं शिक्षण. २०१४ आणि २०१८ चं ऑलिम्पियाड सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्या टीममध्ये तो होता, आणि २०१८ च्या वेळी तर पहिल्या पटावर, तेही काही महिन्यांपूर्वी नॉर्वेमध्ये सायकलवरून पडून कंबरेचं हाड मोडलेलं असताना. ऑगस्ट २०१७ ते नोव्हेंबर २०१८ या काळात क्लासिकलमध्ये, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या डावांत, सलग १०० डाव तो हरला नाही. शंभर! त्याआधी टॉप लेव्हलला मिखाईल टालच्या ९५ डावांचा दाखला दिला जायचा, तो १९७३-७४ चा. रेटिंग २८१६ पर्यंत गेलं, २८०० ओलांडणारा पहिला चिनी खेळाडू. २०१९ च्या सिंकफील्ड कपमध्ये मॅग्नस कार्लसनबरोबर टायब्रेक लागला आणि कार्लसन तेव्हा टायब्रेक हरतच नसे, बारा-एक वर्षं हरला नव्हता, त्याला ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांत उरकणारे, दोन्ही डाव मारून डिंगनं कप उचलला. हे सगळं मुकुटाच्या आधीचं. २०१८ च्या बर्लिनच्या कॅन्डिडेट्समध्ये, म्हणजे चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, चौदापैकी तेरा डाव बरोबरीत सोडवून एक जिंकला, एकही हरला नाही. तेव्हा लोक त्याला कंटाळवाणा म्हणायचे. कमजोर कुणी म्हणत नव्हतं.

आता लॉटरीचा मुद्दा. तो अगदीच बिनबुडाचा नाही हे मान्य करू. २०२२ च्या कॅन्डिडेट्ससाठी डिंग पात्रच नव्हता. कोविडच्या निर्बंधांमुळे तो देशाबाहेर जाऊन खेळू शकला नव्हता आणि त्याचे रेटेड डाव कमी पडत होते. मार्चमध्ये युक्रेन युद्धाच्या समर्थनार्थ केलेल्या पोस्टमुळे रशियाच्या सर्गेई कार्याकिनवर फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, सहा महिन्यांची बंदी घातली, एक जागा रिकामी झाली, ती रेटिंगवर जाणार होती, पण अट होती वर्षभरात ३० डावांची. मग चीनच्या संघटनेनं घाईघाईत स्पर्धा भरवल्या आणि डिंगनं महिनाभरात २८ डाव खेळून काढले. वर रेटिंग वाढवून दाखवलं. माद्रिदला पहिल्याच फेरीत रशियाच्या नेपोम्नियाचीकडून हरला, तरी शेवटच्या फेरीत नाकामुराला हरवून दुसरा आला. नेहमीच्या वर्षी दुसऱ्या नंबरला काही मिळत नाही, टाळ्यापण नाही. पण जुलैमध्ये कार्लसन म्हणाला मला आता मॅच खेळायचीच नाही, कंटाळा आला, आणि दुसरा नंबर एकदम फायनलला.

ठीक आहे, नशीब होतं. पण मला असा वर्ल्ड चॅम्पियन दाखवा ज्याच्या वाट्याला नशीब आलं नाही. १९७५ मध्ये कार्पोव्हला मुकुट मिळाला तो फिशर पटावर आलाच नाही म्हणून, एकही चाल न खेळता. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमचा गणिताचा मास्तर मॅक्स ऑयवे साडेपंधरा-साडेचौदानं तेव्हाचा चॅम्पियन अलेखिनला हरवून गेला तर आजतागायत लोक सांगतात की अलेखिन पीत होता. म्हणजे ऑयवे तीस डाव खेळला ते काय बाटलीशी खेळला? आणि आपल्या आनंदचं काय झालं ते विसरलो का आपण? २००७ ला मेक्सिको सिटीमध्ये त्यानं आठ जणांची स्पर्धा जिंकून जेतेपद घेतलं तेव्हा आधीचा चॅम्पियन क्रामनिकनं असा सूर लावला होता की मी हा मुकुट आनंदला तात्पुरता वापरायला दिलाय. तेव्हा आपल्या नाकाला किती मिरच्या झोंबल्या होत्या. पुढच्या वर्षी बॉनमध्ये आनंदनं साडेसहा-साडेचारनं उत्तर दिलं तो भाग वेगळा, पण समजा नसतं दिलं तर मेक्सिकोतला आनंद खोटा ठरला असता का?

मुकुट म्हणजे जगातला सगळ्यात चांगला खेळाडू असं सर्टिफिकेट नाहीये. ते काम रेटिंग लिस्ट करते, दर महिन्याला, फुकटात. मुकुट म्हणजे ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या माणसासमोर बसून मॅच जिंकणं. कार्लसन त्या खोलीत आला नाही हा कार्लसनचा निर्णय, त्याचं बिल डिंगच्या नावावर फाडायचं काही कारण नाही.

आणि त्या खोलीत, म्हणजे अस्ताना, एप्रिल २०२३, समोर नेपोम्नियाची ऊर्फ नेपो, काय झालं ते बघा. मला विचाराल तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली सगळ्यात माणसासारखी मॅच ती होती. पहिल्या डावानंतरच्या पत्रकार परिषदेत हा बाबा सरळ सांगून टाकतो की मला बरं वाटत नाहीये, मन उदास आहे, डोक्यात विचित्र विचार येतायत. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये असं कुणी बोलतं का हो, समोर प्रतिस्पर्धी बसलेला असताना? तिथे सर्दी झाली तरी लपवतात. दुसरा डाव हरला. चौथ्यात बरोबरी साधली. पाचवा हरला, सहावा जिंकला. सातवा हरला, तोही वेळेच्या अडचणीत हातपाय गळून बसल्यासारखा, आणि मग चार डाव वाट बघून बारावा जिंकला. तीनदा मागे पडून तीनदा परत आला. सात-सात. मग रॅपिड, म्हणजे कमी वेळाचे टायब्रेकचे डाव. तीन डाव ड्रॉ. चौथ्यात त्याच्याकडे काळी मोहरी, घड्याळात दीडेक मिनिट, नेपो शहावर शह देऊन डाव बरोबरीत नेऊ पाहतोय, कुणीही शहाणा माणूस ड्रॉ घेऊन ब्लिट्झकडे गेला असता. डिंगनं काय केलं, ४६ व्या चालीला स्वतःचा हत्ती स्वतःच्या राजासमोर जी-६ वर आडवा घातला, स्वतःच स्वतःला पिन करून घेतलं, म्हणजे तो हत्ती हलूच शकणार नाही असा अडकवला, आणि जिंकायला खेळला. कार्लसननंसुद्धा त्या चालीला सलाम ठोकला. नेपोनं डाव सोडल्यावर डिंग तिथेच कपाळाला हात लावून बराच वेळ बसून राहिला.

हा माणूस लॉटरीवाला? चालू द्या मग.

पण अस्तानानंतर जे झालं ते खरंच वाईट होतं, आणि इथे डिंगची बाजू घेणाऱ्यानं डोळे मिटून चालणार नाही. वर्षाचे पुढचे महिने तो जवळपास गायबच. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झेच्या स्पर्धेत परतला तो नववा आला. नॉर्वेमध्ये शेवटचा. सिंकफील्डमध्ये एकही विजय नाही, बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्येही नाही, आणि भारताविरुद्धच्या लढतीत तो बसलाच नाही, गुकेशसमोर वेई यी खेळला. रेटिंग २७२८ वर घसरलेलं, वर्ल्ड लिस्टमध्ये विसाच्याही खाली. जानेवारीनंतर क्लासिकलचा एकही डाव जिंकला नव्हता. डिप्रेशनबद्दल, झोप न लागण्याबद्दल, थकव्याबद्दल तो स्वतः मुलाखतींमध्ये बोलला, आणि सिंगापूरच्या आधी हेही बोलून बसला की आपण फार वाईट रीतीनं हरू अशी भीती वाटते. लोकांनी त्याचे मीम केले.

इथे मला टाल आठवतो. मिखाईल टाल, १९६० मध्ये तेविसाव्या वर्षी बोटविनिकला हरवून चॅम्पियन झाला, वर्षभरात रिमॅच झाली, टालची किडनी खराब होती, तब्येत ठीक नसताना बसला आणि तेरा-आठनं हरला. एक वर्षाचा चॅम्पियन! आकड्यांनी बघायचं तर डिंगपेक्षाही कमी काळ. टालला कुणी कमजोर म्हणतं का? उलट आजारी असून खेळला म्हणून आपण त्याच्यावर अजून जीव टाकतो, हॉस्पिटलमधून येऊन ब्लिट्झ खेळायचा वगैरे किस्से रंगवून सांगतो. किडनी दुखली तर माणूस शूर, आणि डोकं दुखलं, झोप उडाली, सकाळी उठून पटासमोर बसावंसंच वाटेना, तर माणूस कच्चा. आणि गंमत अशी की बुद्धिबळ हा सगळा डोक्याचाच खेळ, म्हणजे धावपटूच्या पायाला लागलं तर सहानुभूती आणि बुद्धिबळपटूच्या मनाला लागलं तर "फॉर्म नाही रे त्याचा, संपला तो".

या खेळात माणूस किती पिळवटून निघतो हे माहीत नाही असंही नाही. १९८४ ला मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्हची मॅच सुरू झाली, सहा विजय आधी ज्याचे तो जिंकला असा नियम, पाच महिने झाले, ४८ डाव झाले, कार्पोव्ह काटकुळा होत चालला, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये फिडेचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी खेळाडू दमले असं कारण देऊन मॅचच थांबवली. त्यात राजकारण किती आणि काळजी किती यावर आजही भांडणं होतात, ते सोडा, पण चाळीस वर्षांपूर्वी निदान कागदावर तरी थकवा हे कारण मान्य झालं होतं. आज काय सोय आहे? चॅम्पियन आजारी असेल तर त्यानं काय करायचं? मुकुट सोडायचा, नाहीतर जसं असेल तसं येऊन बसायचं. यावर कुणी धड बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ठरावीक मुदतीपर्यंत, डॉक्टरांच्या पॅनेलनं तपासून, मॅच पुढे ढकलायची तरतूद नियमात हवी आणि त्यात मनाचा आजार शब्दात लिहिलेला हवा. कुणी म्हणेल याचा गैरफायदा घेतील. घेतील की, ज्याच्याकडून मुकुट घेतला त्या कापाब्लांकाला अलेखिननं रिमॅच कशी टाळली ते सगळ्यांना माहितीये, आजाराचं कारणही लागलं नाही त्याला. म्हणून तर मुदत आणि पॅनेल. चॅलेंजरला दोन वर्षं लटकवून ठेवा असं मी म्हणत नाहीये, पण चार-सहा महिने पुढे गेली असती तर आभाळ कोसळलं नसतं.

डिंगनं तसं काही मागितलं नाही हेपण खरं. तो आला. आणि सगळे म्हणत होते की मॅच दहाव्या डावाच्या आत संपेल, त्यानं पहिल्याच डावात काळ्या मोहऱ्यांनी, फ्रेंच डिफेन्स खेळून, गुकेशला हरवलं. तिसरा गुकेशनं घेतला. मग चार ते दहा सगळे ड्रॉ. ८ डिसेंबरला अकरावा डाव डिंग एका चुकीच्या चालीनं हरला, आणि दुसऱ्याच दिवशी, मध्ये विश्रांतीसुद्धा नाही, बारावा डाव असा काही खेळला की जुना डिंग उठून बसला म्हणतात तसं. शेवटच्या दिवशी बरोबर साडेसहा-साडेसहा होते दोघं. जो एका महिन्यापूर्वी जिंकणं विसरला होता त्यानं जगातल्या सगळ्यात भुकेल्या खेळाडूला चौदाव्या डावापर्यंत खेचलं.

आता ती चाल. चौदावा डाव, डिंगकडे पांढरी, एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. बरोबरी होणारी पोझिशन, पण बचाव करणाऱ्याला कंटाळा आणि भीती दोन्ही आणणारी. डिंगचा उंट पार ए-८ च्या कोपऱ्यात. त्यानं हत्ती एफ-२ वर नेऊन हत्तीची अदलाबदल करू पाहिली आणि त्याला दिसलं नाही की हत्ती गेल्यावर गुकेशचा उंट डी-५ वर येतो, कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागा नाही, म्हणजे उंटही मारामारीत जाणार आणि उरणार राजा-प्याद्याचा हरलेला डाव. नंतर बघताना पाचवीतल्या मुलालाही दिसतं. पण चार तास झालेत, घड्याळ कमी आहे, आणि तीन आठवड्यांचा थकवा अंगात आहे तेव्हा दिसत नाही.

ही पहिली वेळ आहे का? १८९२ ला हवानामध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मॅचमध्ये चिगोरिननं स्टाइनिट्झविरुद्ध जिंकत असलेल्या डावात उंट हलवला आणि दोन चालींत मात झाली, मॅच तिथेच संपली. १९५१ ला ब्रॉन्स्टाइननं बोटविनिकविरुद्ध सहाव्या डावात सरळ ड्रॉ असलेल्या जागी राजा चुकीच्या घरात नेला आणि ती मॅच बारा-बारा सुटली, म्हणजे त्या एका चालीची किंमत काढा. २००६ ला क्रामनिकला कॉम्प्युटरविरुद्ध एका चालीतली मात दिसली नव्हती. आणि २०१४, सोची, सहावा डाव, कार्लसन राजा डी-२ वर नेतो, ढळढळीत चूक, आणि आपला आनंद मिनिटभरात दुसरीच चाल खेळून मोकळा होतो, घोड्यानं प्यादं मारायचं त्याला दिसतच नाही. त्या दिवशी दोन चॅम्पियन लागोपाठ आंधळे झाले. कार्लसननं मॅच सोडली असं कुणी म्हणालं? आनंद विकला गेला असं कुणी म्हणालं?

डाव मुद्दाम सोडला म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की का सोडेल? ड्रॉ झाला असता तर दुसऱ्या दिवशी रॅपिड टायब्रेक होता आणि तिथे बहुतेक जाणकार डिंगला वरचढ धरत होते, त्याच आशेवर तर तो शेवटच्या डावात पांढरी असूनही मोहरी उडवत उडवत ड्रॉकडे चालला होता. पैशाचं म्हणाल तर पंचवीस लाख डॉलरच्या फंडात प्रत्येक विजयाला दोन लाख आणि उरलेलं निम्मं-निम्मं असा हिशोब होता, हरून त्याला काही जास्त मिळणार नव्हतं. टीका करायचीच असेल तर त्या ड्रॉकडे चालण्यावर करा, मीपण करतो. मॅचमध्ये दोन-तीनदा चांगली पोझिशन असताना त्यानं जोर लावला नाही, गुकेश ड्रॉ नाकारत राहिला आणि हा घ्यायला तयार. तिथे मॅच हरली, एफ-२ वर नाही. ती टीका खेळाची आहे, माणसाची अब्रू काढणारी नाही.

आणि शेवटी आपल्या घरचंच. डिंग कच्चा लिंबू असेल तर गुकेशनं नक्की काय जिंकलं? कास्पारोव्हचा बाविसाव्या वर्षाचा १९८५ चा विक्रम मोडला तो कुणाला हरवून? हे गणित कसं कुणाच्या लक्षात येत नाही मला कळत नाही. गुकेशच्या लक्षात होतं, म्हणून तर जिंकल्यावर रडत रडत मोहरी परत जागेवर लावणारा तो पोरगा पत्रकार परिषदेत आधी डिंगबद्दल बोलला, की हा खरा चॅम्पियन आहे, त्रासात असूनही लढला. डिंग म्हणाला वर्षातली माझी सगळ्यात चांगली स्पर्धा ही होती आणि खंत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसला गुकेश लागोपाठ तीन डाव हरला, त्यातला एक सोळा वर्षांच्या अभिमन्यू मिश्राकडून, आणि लगेच तेच सगळं सुरू झालं, कार्लसन खेळला नाही म्हणून चॅम्पियन, कमजोर चॅम्पियन, लॉटरी. शब्दसुद्धा तेच, फक्त नाव बदललं. आता आपल्याला राग येतो. माझ्या ओळखीतले जे लोक डिसेंबरात डिंगचे मीम फॉरवर्ड करत होते तेच आता मोठमोठे मेसेज लिहून सांगतात की फॉर्म वर-खाली होतो, प्रेशर असतं, वय काय त्याचं, मॅच जिंकलाय ना तो. बरोबरच आहे, पण हे अस्तानालाही बरोबर होतं.

असो. ९ डिसेंबरचा तो बारावा डाव ज्यांनी बघितला नसेल त्यांनी एकदा बघा. इंजिन, म्हणजे कोण जिंकतंय ते सांगणारा कॉम्प्युटर, बंद करून बघा, नाहीतर ती बाजूची पट्टी वर-खाली होत राहते आणि माणूस दिसत नाही.